विसाव्याच्या दगडापलीकडे

मंडळी, आधी एक प्रश्न. उत्तर लगेच देऊ नका. लगेच दिलेलं उत्तर बहुतेक शेजाऱ्याचं असतं!

संध्याकाळी तुमच्या गावात शिरलो. वेशीवर बोर्ड पाहिला, चांगला दहा फुटी. त्यावर केरूआबांचा फोटो: फेटा तिरका, एक डोळा मिचकावलेला. पन्नास वर्षं तमाशात सोंगाड्या म्हणून नाचलेला माणूस. आज त्यांना जाऊन वर्ष झालं, म्हणून तर आपण इथं जमलोय. आणि फोटोखाली काय लिहिलंय? "आबांनी आयुष्यभर हसवलं. आज कुणीही रडायचं नाही!"

वाचलं, आणि जरा थबकलो. पारावर चौघे बसले होते, त्यांना विचारलं, "हे कुणी लिहिलं?"

"आम्हीच की महाराज! सत्त्याऐंशी वर्षं जगले आबा. पतवंडं मांडीवर खेळवली. पिकलं पान गळालं, त्याचं कसलं दुःख?"

दुसरा म्हणाला, "आणि आबा असते तर रडणाऱ्याची नक्कल केली असती! तशीच्या तशी!"

हसले चौघे. मीही हसलो. खोटं कशाला सांगू?

तर प्रश्न असा. ज्यानं जन्मभर हसवलं, तो भरल्या घरातून, भरल्या वयात गेला — तर वाईट वाटावं, की वाटू नये? रडलं तर त्याचा अपमान होतो का? बोला!... मागची मंडळी माना डोलवताहेत. त्या माझ्या प्रश्नाला डोलतात की झोपेनं, ते कळू द्या म्हणजे झालं!

विठ्ठल म्हणा. आणि ऐका.

आम्हा कीर्तनकारांना भर घालायची खोड असते. पायलीची कथा, सांगता सांगता खंडीची होते. आज तसं करणार नाही. रंभाजी शिंप्यानं मला जेवढं सांगितलं तेवढंच सांगतो, मोजून. कारण ह्या कथेत भर घालायला मला भीती वाटते.

पिंपळदरा नावाचं गाव. मारुतीच्या देवळापासून ओढ्याकाठच्या मसणवट्यापर्यंत नऊशे पावलं. साधारण मध्यावर, वाटेच्या कडेला, गुडघ्याएवढा काळा दगड. विसाव्याचा दगड. माणूस गेलं की तिरडी इथं टेकवायची, खांदेकऱ्यांनी बाजू बदलायच्या आणि मग पुढं जायचं. तुमच्याकडेही असेलच. ज्याला माहीत नाही त्यानं घाई करू नये, वेळ आली की चौघे जण नेऊन दाखवतात!

एका साली त्या गावात तापाची साथ आली. एका महिन्यात एकोणीस माणसं गेली. एकोणीस! विसाव्याच्या दगडाभोवतीची पायवाट रुंद झाली, मंडळी. शिमगा आला, पण होळीला गोवऱ्या मागायला कुणी बाहेर पडेना. लोक दारं लावून बसलेले. तेव्हा म्हसूनाना नावाचा छत्तीस वर्षांचा गडी चावडीसमोर येऊन उभा राहिला. गावातला नकल्या! कोंबड्यापासून तहसीलदारापर्यंत सगळ्यांचे आवाज काढायचा. तो म्हणाला, "तिरडी बांधा. मला निजवा तिच्यावर. मरणाला जरा वेडावून दाखवू!"

आणि धुळवडीच्या सकाळी जिवंत माणसाची अंत्ययात्रा निघाली!

काय थाट! पुढं हलगी. मडक्यात विस्तवाऐवजी ओल्या शेणीचा धूर. तोंडात तुळशीपत्राऐवजी भाकरीचा तुकडा. अंगावर घोंगडी, डोक्यापासून पायापर्यंत. आणि मागं विधवा झालेली बायको, म्हणजे आमचा रंभाजी शिंपी! हिरवं लुगडं, हातभर बांगड्या आणि मिशा — मिशा काढायच्या नाहीत! छाती बडवून ओरडायचं, "मला टाकून कुठं चाललात हो धनी! आता माझी पाठ कोण खाजवणार हो!"

लोक महिन्यात पहिल्यांदा हसले. दगडापाशी तिरडी टेकवली. रंभाजीनं हाक मारली, "उठा धनी, भाकरी करपली!" — आणि म्हसूनाना ताडकन उठून बसला! ओट्यावर बायका किंचाळल्या, पोरं पळाली. आणि नानानं बसल्या बसल्या हिशेबच मांडला, कोण कसं रडलं त्याचा. "पाटील, तुम्ही रडताना जांभई दिली! मी घोंगडीच्या भोकातून पाहिलं!"

त्या वर्षी साथ गेली. आपोआप गेली की सोंगानं गेली, मला विचारू नका. गावानं मात्र ठरवून टाकलं. नाना निजला की वर्षभर मरण गावाकडं बघत नाही.

नियम पडले. एक, हाक फक्त रंभाजीनं मारायची. दोन, सोंगाच्या यात्रेत खरं रडायचं नाही. आणि तिसरा, सगळ्यात कडक: सोंगाची तिरडी विसाव्याच्या दगडापुढं न्यायची नाही. एक पाऊलसुद्धा नाही. दगडापलीकडं फक्त खरं मढं जातं.

हे तिन्ही ध्यानात ठेवा. पुढं लागणार आहेत.

शेहेचाळीस वर्षं चाललं. छत्तीसाचे नाना ब्याऐंशीचे झाले. दुसरं कुणी का निजलं नाही? कोण निजणार! लोक खदखदा हसायचे, पण तिरडीला हात लावल्यावर घरी जाऊन आंघोळ करायचे. एकदा सरपंचांना म्हणाले, "यंदा तुम्ही निजा." सरपंचांची त्या दिवशी पाठ दुखायला लागली, ती अजून दुखतेय!

आता रंभाजीनं जे कुणाला सांगितलं नव्हतं ते ऐका. शेवटच्या यात्रेच्या दोन वर्षं आधी नाना पहिल्या हाकेला उठले नाहीत. दुसऱ्या हाकेला उठले. लोक म्हणाले, वा, काय ताणलं! पुढच्या वर्षी तिसरी हाक लागली. लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. पण रंभाजी तिरडीवर वाकला होता ना, त्याला ठाऊक होतं. नाना ताणत नव्हते. नानांना उठवत नव्हतं! रंभाजीनं लुगड्याच्या पदराआडून हात घालून त्यांना ओढून बसवलं होतं. ओठ निळे पडले होते. आणि त्या निळ्या ओठांनी नानांनी गावाला हसवलं.

तेव्हापासून शिमगा जवळ आला की रंभाजी हातातलं काम विसरायचा. शिलाई मशीनवर बसला तरी पाय थांबायचा. एकच विचार. ह्या वर्षी हाक मारली, आणि उठलेच नाहीत तर?

होळीच्या संध्याकाळी रंभाजी नानांच्या घरी गेला. नानांची लेक हौसा दारातच उभी. नवरा वारल्यापासून ती बापाजवळच राहायची.

"रंभाजीकाका, तिरडी बांधायला आला असाल तर माघारी जा. डॉक्टरनं सांगितलंय, जिना चढायचा नाही."

आतून नाना ओरडले, "तिरडीला जिना असतो का गं?"

"नाना, तुम्ही गप्प बसा!"

"जन्मात कुणी गप्प बसवलं नाही मला. उद्या तासभर बसतो की गप्प!"

हौसा हसली. राग आला होता, तरी हसली. ह्या माणसासमोर कुणाचा राग टिकायचाच नाही, मंडळी. हेच तर सगळं दुखणं होतं! ती रंभाजीला म्हणाली, "गावातली चार मोठी माणसं सकाळी येऊन गेली. म्हणाली, नाना निजले नाहीत तर गावाला वर्ष जड जाईल. गावाला जड जाईल! आणि आमच्या घराला?" मग तिनं रंभाजीचा हात आपल्या डोक्यावर ठेवला. "शपथ घ्या. पहिल्या हाकेला उठले नाहीत तर सोंग मोडायचं आणि गाडी बोलवायची."

रंभाजीनं शपथ घेतली. मग आत जाऊन नानांच्या खाटेजवळ बसला. नाना आढ्याकडं बघत होते. मग हळूच म्हणाले, "रंभ्या, त्या घोंगडीखाली लई अंधार असतो रे."

आणि रंभाजी काय म्हणाला असेल? सांगा बरं. शेहेचाळीस वर्षांचा जोडीदार! तो म्हणाला, "मग कंदील घेऊन निजा की, नाना!"

हौसा खळखळून हसली. रंभाजी हसला. नानाही हसले, जरा उशिरा.

तो उशीर ध्यानात ठेवा.

धुळवडीची सकाळ. साडेदहाला देवळापासून यात्रा निघाली. पंचक्रोशीतून माणूस आलेला, तीन-चारशे डोकी. बायका देवळाच्या ओट्यावर. त्यांनी तिथूनच बघायचं, अशी रीत. हौसाही तिथंच. हलगी कडाडली, धूर निघाला, रंभाजीनं छाती बडवली, "माझं कुंकू पुसलं हो!" एकानं मढ्याच्या तळपायाला गुदगुल्या केल्या. मढं हललं नाही. लोक म्हणाले, "पट्टीचा गडी! ब्याऐंशीतसुद्धा श्वास कसा धरलाय बघा!"

पाचशे पावलं. दगड आला. तिरडी टेकवली. हलगी थांबली.

रंभाजी वाकला. पहिली हाक. "उठा धनी, भाकरी करपली!"

काही नाही.

लोक हसले. कुणीतरी ओरडलं, "भाकरीला नाही उठायचे! काल पुरणपोळी खाल्लीय!"

रंभाजीला शपथ आठवली. पण मन किती लबाड असतं! ते म्हणालं, मागल्या साली तिसऱ्याला उठले होते. थांब जरा.

"उठा धनी! भाकरी करपली!"

काही नाही. हशा दुप्पट.

तिसरी हाक. आता आवाज कापला. कापला म्हणून लोकांनी टाळ्या दिल्या!

रंभाजीनं घोंगडी बाजूला केली. नानांचे डोळे उघडे होते. जिवंत होते, मंडळी! कपाळावर घाम, ओठ जांभळे. बोटांनी बांबू घट्ट धरलेला. आणि ते म्हणाले, एवढंच म्हणाले —

"रंभ्या... भ्या वाटतंय."

शेहेचाळीस वर्षं मरणाला वेडावणारा माणूस. त्याला भीती वाटत होती. आणि भोवती चारशे माणसं हसत होती.

रंभाजी उभा राहिला. ओरडला, "अरे, गाडी आणा! नानांना खरंच होतंय! खरंच!"

काय झालं असेल? बोला ना! आता का गप्प? हशा! हशा झाला, मंडळी! "रंभाजी, यंदा लई रंगलास!" त्यानं कपाळ बडवलं, खरंच बडवलं. शिट्ट्या. त्यानं हात आपटले, बांगड्या फुटल्या, काच मनगटात घुसली, रक्त आलं. "वा रे बाई! रंग कुठला आणलास?" त्यानं हात जोडले. "पाया पडतो, सोंग नाही हे!" त्याला लोक आणखी हसले. तो धावत सरपंचांकडं गेला, त्यांच्या छातीवर डोकं ठेवून हमसून रडला. आणि सरपंचांनी काय करावं? त्यांनी गळा काढला! त्याला मिठीत घेऊन खोटं खोटं रडायला लागले. "उगी वहिनी, उगी! आमची म्हैस देऊ तुम्हाला सोबतीला!"

बघा. खरं बोलायला त्याच्याजवळ शब्दच उरला नव्हता. जेवढं म्हणून दुःखाचं बोलणं असतं ते सगळं त्यानं शेहेचाळीस वर्षं हसण्यावारी खर्चून टाकलं होतं. आरोळी म्हणजे गंमत. रडणं म्हणजे गंमत. रक्तसुद्धा गंमत! आणि दर क्षणाला तिकडं तिरडीवर...

मृदंगमणी, नको. आता ठेका नको.

रंभाजीनं वळून पाहिलं. नाना त्याच्याकडं बघत होते. आणि नानांच्या उशाशी तो काळा दगड.

रंभाजीनं लुगड्याचा काष्टा मारला. तिरडीचे पुढचे दोन बांबू दोन्ही काखांत धरले. सत्तरीचा माणूस. आणि एकट्यानं ओढायला लागला. मागचे बांबू मातीत घासत चालले. एक पाऊल. लोक हसताहेत. दोन पावलं. हसताहेत. तीन... चार...

तिरडी दगडापलीकडं गेली.

हशा थांबला. विरत विरत थांबला नाही, मंडळी. पखवाजाचं कातडं फाटावं तसा थांबला.

चारशे माणसं, आणि धुराचा ठसका ऐकू येईल एवढी शांतता. आता कळलं सगळ्यांना. जे माणसाच्या रक्तानं कळलं नाही ते एका दगडानं कळवलं.

बरं, कळल्यावर तरी धावले का? नाही! एकही पाऊल पुढं पडेना. सोंगाच्या तिरडीमागं दगड ओलांडायचा? मग पुढचा नंबर कुणाचा? सरपंच दगडाच्या अलीकडं. खांदेकरी अलीकडं. कालपर्यंत मरणाला वेडावणारं गाव दगडापाशी थिजून उभं. पलीकडं दोघेच. एक मरणारा, एक लुगडं नेसलेला.

"या रे कुणीतरी!" रंभाजी म्हणाला. आता ओरडलासुद्धा नाही.

तेवढ्यात गर्दी फाटली. हौसा! ओट्यावरून तिनं तिरडी दगडापलीकडं जाताना पाहिली होती. अनवाणी, पदराचं भान नाही. बायकांनी मसणवाटेला जायचं नाही, ती रीत मोडली. दगड ओलांडायचा नाही, ती मोडली. जाऊन बापाचं डोकं मांडीवर घेतलं.

नाना म्हणाले, "हौसा... हसणं थांबलं का गं?"

"थांबलं, नाना."

"बरं झालं." मग म्हणाले, "घोंगडी नको घालू. हात धर."

एक हात हौसानं धरला, एक रंभाजीनं. तिच्या मागोमाग दोन बायका आल्या, मग एक खांदेकरी, मग बाकीचे. गाडी यायला वीस मिनिटं लागली. नाना तेवढा वेळ होते. मग नव्हते.

डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तरी खात्री नव्हती. ते त्यांनी लिहून दिलं. गाव मात्र आजही भांडतंय. अर्धं गाव म्हणतं, "रंभाजीनं बिघडवलं! हशा चालू असताना गेले असते तर काय सोन्यासारखं मरण होतं! कलावंताचं मरण!" सांगणारा रंगवून सांगतो. ऐकणारा म्हणतो, वा!

मी स्वतः रंभाजीला विचारलं. दुकानात बसला होता, मनगटावर काचेचे वण. म्हटलं, "लोक म्हणतात, नानांना हसण्यात जाऊ द्यायचं होतं."

तो सुईत दोरा ओवत होता. ओवून झाल्यावर म्हणाला, "महाराज, दगडाचं मला काही वाटत नाही. दोन हाका जादा मारल्या, शपथ मोडली, ते वाटतं. पण झोप येत नाही ती त्या कंदिलानं. आदल्या संध्याकाळी त्यांनी मला सांगितलं होतं हो. अंधार असतो म्हणाले होते. आणि मी गंमत केली."

एवढंच. ह्यापुढं त्यानं काही सांगितलं नाही, म्हणून मीही सांगत नाही.

आता तुमच्याकडं वळतो. काय उत्तर द्यायचं प्रश्नाला? म्हातारा होता, पोटभर जगला, मग दुःख कशाला? अहो, ब्याऐंशी वर्षांचं झालं म्हणून भीती म्हातारी होते का? अंधार कमी होतो का? आपण म्हणतो, त्यानं हसवलं म्हणून त्याच्यासाठी रडायचं नाही. म्हणजे काय? त्यानं आपल्यासाठी जे केलं तेवढंच आपण ओळखतो. त्याच्या घोंगडीखाली काय होतं ते बघायलाच नको! बघितलं तर आपला खेळ मोडतो. तुमच्याही घरात असेल एखादा. जेवताना सगळ्यांना हसवणारा, दवाखान्यात नेलं तर डॉक्टरची टोपी उडवणारा. तो कधीतरी, जाता जाता, हळूच एखादं वाक्य टाकतो. तेव्हा तुम्ही काय करता? कंदील देता. मीही दिलाय. माझ्या सख्ख्या भावाला दिलाय.

वेशीवरचा बोर्ड... असो. लिहिणाऱ्यांचं प्रेमच होतं, ते मला कळतं. पण मंडळी, इथं पुढच्या रांगेत गजराबाई बसल्यात. केरूआबांच्या पत्नी. कीर्तनाला सुरुवात झाल्यापासून मी बघतोय, त्यांनी पदर तोंडात धरलाय. वर्षभर ह्या बाईला प्रत्येकानं हेच सांगितलं असणार, आबांना रडलेलं चालायचं नाही.

टाळकरी, टाळ खाली ठेवा. सगळ्यांनी.

गजराबाई, आई, तुम्हाला एक विचारू? नको वाटलं तर उत्तर देऊ नका. शेवटी शेवटी आबांना भीती वाटत होती का हो?

...

माईक द्या त्यांच्याकडं. नको? बरं. तसंच बोला, आई. सगळे गप्प आहेत.

...

ऐकलंत मागं? ऐकू गेलं नसेल, मी सांगतो. जसंच्या तसं. त्या म्हणाल्या, "शेवटचे आठ दिवस त्यांनी दिवा विझवू दिला नाही. माझा हात सोडला नाही. मी कुणाला बोलले नाही, महाराज. म्हटलं, लोक हसतील."

कुणी हसणार आहे का?

मग आरतीची घाई नको. पहिल्यांदा बायांनो, उठा, त्यांच्याजवळ जाऊन बसा. आणि आई, तुम्ही तो पदर काढा तोंडातून.